बेघर माणसे आणि पावसाळ्यातील आपत्ती : बेळगाव सीमाभागासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव शहर, खानापूर, निपाणी, चिकोडी, कागवाड, अथणी, रायबाग, हुक्केरी आणि गोकाक या भागांत उघड्यावर राहणाऱ्या माणसांकडून, तसेच त्यांच्यासाठी काही करू पाहणाऱ्या रहिवाशांकडून दरवर्षी मे-जूनच्या सुमारास जे प्रश्न येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ही उत्तरे कोणीतरी वाचून दाखवावीत, या अपेक्षेने भाषा शक्य तितकी सरळ ठेवली आहे.

बेघर नेमके कोणाला म्हणायचे?

जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे जी माणसे घर म्हणता येईल अशा वास्तूत राहत नाहीत, म्हणजे रस्त्याच्या कडेला, पदपथावर, मोठ्या नळात, पुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या मंडपात किंवा रेल्वेच्या फलाटावर राहतात, ती बेघर होत. २०११ च्या जनगणनेत अशा माणसांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली आणि देशभरात त्यांची संख्या सुमारे १७ लाख ७० हजार भरली. फेब्रुवारीत मोजलेली माणसे जुलैत कोठे असतात, हे त्या आकड्यावरून कळत नाही, आणि पूर्वतयारीसाठी नेमके तेच कळायला हवे असते.

आपल्याकडे यात आणखी काही माणसे धरावी लागतात. ऊसतोडीसाठी आलेल्या टोळ्या खोपटांत राहतात, वीटभट्टीवरची कुटुंबे भट्टीच्या कडेला राहतात, आणि यल्लम्मा किंवा मायाक्का यांच्या यात्रेसाठी आलेली काही माणसे परत जातच नाहीत. यांच्यापैकी काहींचे गावी घर असते. परंतु वळिवाच्या रात्री डोक्यावर काय आहे हेच महत्त्वाचे असल्यामुळे त्या रात्रीपुरती ती बेघरच समजावीत.

आपत्ती म्हणजे महापूरच का?

नाही. महापुराची छायाचित्रे येतात, म्हणून तो लक्षात राहतो. उघड्यावर झोपणाऱ्याला मात्र त्याहून लहान गोष्टींचा धोका अधिक असतो आणि त्या दरवर्षी घडतात.

पहिली गोष्ट म्हणजे भिंत. बेळगावचा पाऊस आठवडाभर रिपरिपत राहतो आणि वाऱ्यामुळे आडवा येतो, त्यामुळे उघड्यावरचा माणूस साहजिकच पडक्या वाड्याच्या किंवा जुन्या मातीच्या भिंतीच्या आडोशाला जातो. सलग भिजलेली मातीची भिंत पाऊस थांबल्यावरही कोसळते. ऑक्टोबर २०२१ मध्ये बेळगाव तालुक्यातील बडाल अंकलगी येथे पावसाने भिजलेले घर कोसळून ७ जण मृत्युमुखी पडले. तेव्हा पावसाळा जवळजवळ संपला होता. ज्या भिंतीला खालून ओल चढली आहे, पोट सुटले आहे, किंवा जिच्यातून माती भुरभुरते आहे, तिच्यापासून निदान तिच्या उंचीइतके दूर झोपावे.

दुसरी गोष्ट म्हणजे झाडे आणि विजेच्या तारा. एप्रिल-मे महिन्यांतला वळीव वाऱ्याने फांद्या पाडतो, फांद्यांबरोबर तारा येतात, आणि रात्री अंधारात त्या दिसत नाहीत. तिसरी गोष्ट म्हणजे नाले, आणि बेळ्ळारी नाल्याचे पाणी शहापूर, वडगाव, येळ्ळूरकडच्या शिवारात कसे पसरते हे तेथील शेतकऱ्यांना विचारावे. चौथी गोष्ट थंडी, तिच्याविषयी पुढे सांगितले आहे.

नदीकाठच्या देवळात मुक्काम असतो. इकडे पाऊस नसताना पाणी कसे वाढते?

कृष्णेचे पाणी आपल्या आभाळावर अवलंबून नसते. महाबळेश्वर, कोयना, राधानगरीच्या बाजूला पाऊस झाला आणि धरणांतून विसर्ग वाढला, की राजापूर बंधाऱ्यावरून तो कर्नाटकात उतरतो. तेव्हा कल्लोळ, येडूर, मांजरी, अंकली, उगार, कुडची येथे पाणी वाढते, आणि त्या वेळी येथे स्वच्छ ऊन असू शकते. दूधगंगा आणि वेदगंगेचेही तेच आहे. घटप्रभेकाठी, म्हणजे गोकाककडे, हिडकल धरणाच्या विसर्गावर लक्ष ठेवावे लागते, तर मलप्रभेच्या खालच्या अंगाला, म्हणजे रामदुर्गकडे, नविलुतीर्थच्या विसर्गावर.

यावर सोपी खूण अशी. कल्लोळ-येडूर, कारदगा-भोज, जत्राट-भिवशी, सिदनाळ-अक्कोळ यांसारखे खालच्या पातळीचे बंधारे पाण्याखाली गेले, असे गावात बोलले जाऊ लागले, की घाटावरचा आणि नदीकाठच्या मंडपातला मुक्काम त्याच दिवशी उजेडी हलवावा. बंधारा बुडणे ही दरवर्षीची गोष्ट असल्यामुळे गावकरी ती गंभीरपणे घेत नाहीत, आणि त्यांचे बरोबरही असते, कारण त्यांची घरे वर असतात. घाटाच्या पायरीवर झोपणाऱ्याने त्यांच्या निर्धास्तपणावर विसंबू नये. ऑगस्ट २०१९ मध्ये पुणे-बेंगळुरू महामार्गच काही दिवस बंद पडला होता. रस्ते तुटल्यावर चालत निघणाऱ्याला जायला दिशा उरत नाही, म्हणून लवकर निघणे हाच त्यातला मुख्य भाग आहे.

वाहते पाणी ओलांडू नये. वेगाचे पाणी घोट्याच्या वर, म्हणजे १५ सेंटीमीटर आले, तरी धडधाकट माणसाचा पाय सुटू शकतो.

इशारा आमच्यापर्यंत कसा पोहोचणार? मोबाईल नाही, असला तरी चार्जिंग नाही.

हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. हवामान खाते पिवळा, नारिंगी आणि लाल इशारा देते, सरकारी यंत्रणा मोबाईलवर संदेश पाठवतात, ग्रामपंचायत दवंडी देते, घंटागाडीवरून ध्वनिक्षेपक फिरतो. या सगळ्या वाटा कोणाच्या तरी दारापर्यंत जातात. ज्याला दारच नाही त्याच्यापर्यंत इशारा न्यायचा, तर तो त्याला रोज रात्री पाहणाऱ्या माणसाकडूनच न्यावा लागतो.

म्हणून दोन गोष्टी पाऊस सुरू होण्यापूर्वी ठरवाव्यात. जेथे मुक्काम असतो तेथील एक स्थिर माणूस निवडावा. तो चहाच्या गाडीवाला असेल, एटीएमचा राखणदार असेल, बसस्थानकावरचा हमाल किंवा देवळाचा पुजारी असेल. ‘पाणी किंवा वारा येणार असे कळले तर आम्हाला उठवा’ एवढेच त्याला स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावे. दुसरे म्हणजे जोडी लावावी. शेजारी झोपणाऱ्या दोघांनी एकमेकांचे नाव, गाव आणि नातेवाईक माहीत करून घ्यावेत, आणि एकाने दुसऱ्याला उठवल्याशिवाय जागा सोडू नये. ज्याला कमी ऐकू येते किंवा जो दारूच्या अमलाखाली झोपतो, त्याची जोडी जाग्या राहणाऱ्या माणसाशी लावावी.

भाषेचाही प्रश्न आहे. शासकीय सूचना बहुधा कन्नडमध्ये असतात, येथे झोपणाऱ्यांत मराठी, दख्खनी, तेलुगू आणि हिंदी बोलणारेही असतात, आणि मध्यरात्री गडबडीत ऐकलेली परकी भाषा माणसाला कळत नाही. आपल्या तक्रारीचे निवेदन केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा अधिकार घटनेच्या ३५० व्या कलमाने प्रत्येकाला दिला आहे. त्याच्या आधारे, ध्वनिक्षेपकावरील पुराची सूचना कन्नडबरोबर मराठीतूनही द्यावी, अशी लेखी विनंती ग्रामपंचायतीच्या पीडीओंकडे (पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे) किंवा महापालिकेकडे पावसाआधीच करता येते. भाषेचा वाद जुना आहे आणि तो येथे सोडवायचा नाही. येथे ‘पाणी’ आणि ‘नीरू’ हे दोन्ही शब्द वेळेवर ऐकू आले पाहिजेत, एवढेच मागणे आहे.

मोबाईल असल्यास तो रात्री बंद ठेवू नये. आणीबाणीचा ११२ हा क्रमांक शिल्लक रक्कम नसली तरी लागतो. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७, रुग्णवाहिकेचा १०८ आणि हेस्कॉम या वीज कंपनीकडे करायच्या तक्रारींचा १९१२ आहे. मोबाईल पाण्यात गेला तरी हाताशी राहावेत म्हणून हे चारही क्रमांक पाठ करावेत.

शहरात रात्री जोराचा पाऊस आला तर कोठे जावे?

जागा आधीच पाहून ठेवलेली हवी, कारण रात्री दोन वाजता शोधायला निघालेल्याला बंद शटरेच दिसतात. मध्यवर्ती बसस्थानक, रेल्वे स्थानकाचे प्रवेशदालन आणि सिव्हिल हॉस्पिटलचा आवार ही रात्रभर दिवे आणि माणसे असणारी ठिकाणे आहेत. तेथून हटकले जाण्याची शक्यता असते हे खरे, पण मुसळधार पावसात शांतपणे ‘पाऊस थांबला की निघतो’ असे सांगितल्यास बहुतेक वेळा बसू दिले जाते. रेल्वेच्या उड्डाणपुलाखाली पाऊस लागत नाही, मात्र उतार पुलाकडे असेल तर पाणी तेथेच जमते. दिवसा एकदा पाणी कोठून वाहते ते पाहून घ्यावे.

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात दर १ लाख लोकसंख्येमागे निदान १०० माणसांची सोय असणारे, वर्षभर आणि दिवसरात्र उघडे राहणारे एक निवारा केंद्र असावे, असा निकष होता. २०११ मध्ये बेळगाव शहराची लोकसंख्या सुमारे ४ लाख ८८ हजार होती. गुणाकार ज्याचा त्याने करावा. आपल्या मुक्कामापासून जवळचे निवारा केंद्र कोठे आहे, तेथे रात्री किती वाजेपर्यंत घेतात आणि स्त्रियांसाठी वेगळी खोली आहे का, हे महापालिकेत मे महिन्यातच विचारून ठेवावे.

काळजी केंद्रात गेल्यावर पत्ता किंवा आधार कार्ड मागितले तर?

पूर आल्यावर कर्नाटकात शाळा किंवा मंगल कार्यालयांत जी मदत केंद्रे उघडतात, त्यांना ‘काळजी केंद्र’ म्हणतात. पूर्वी ‘गंजी केंद्र’ म्हणत. काळजी हा शब्द दोन्ही भाषांत एकच आहे, ही आपल्या भागातली एक बरी गोष्ट. तेथील जेवण, पाणी, अंथरूण आणि औषध ही जीव वाचवण्याची मदत आहे, आणि ती मिळण्यासाठी त्या गावाचा रहिवासी असावे लागत नाही. भरपाईची यादी वेगळी असते. तिला कागद लागतात. गोंधळ होतो तो या दोन गोष्टी दारातल्या टेबलावर एकत्र केल्यामुळे.

२०१९ मध्ये अशाच एका केंद्राच्या दारात एक म्हातारी दोन तास उभी राहिलेली आम्ही पाहिली आहे. नोंदवहीत ‘घर क्रमांक’ असा रकाना होता, आणि लिहिणारा मुलगा प्रामाणिक असल्यामुळे तो रकाना रिकामा ठेवायला तयार नव्हता. शेवटी कोणीतरी तेथे ‘बसस्थानक, दुसरा कट्टा’ असे लिहायला सांगितले आणि तिला आत घेतले. तोच उपाय आजही सांगतो. नाव, अंदाजे वय आणि जेथे झोपता त्या जागेची खूण सांगावी. तरीही नाकारल्यास १०७७ वर कळवावे किंवा तहसीलदार कार्यालयातील माणसाला बोलवावे.

सरकारी गाडी दिसली की आम्हाला पकडून नेतील असे वाटते. मग जावे की पळावे?

ही भीती निराधार नाही. कर्नाटकात १९७५ चा भिक्षावृत्ती प्रतिबंधक कायदा आहे आणि त्याखाली माणसांना निराश्रितांच्या केंद्रात नेले जाते. त्यामुळे पुरात सोडवायला आलेली गाडी आणि उचलून न्यायला आलेली गाडी यांतला फरक अंधारात ओळखू येत नाही. बचावाला येणाऱ्यांनी आधी आपण कोण आणि नेणार कोठे, हे सांगावे, आणि शक्य तर ओळखीचा चहावाला किंवा आशाताई बरोबर घ्यावी. उघड्यावर राहणाऱ्यांनी पाणी चढत असताना पळून आडबाजूला लपू नये. ‘कोणत्या केंद्रात नेता?’ असे विचारून गाडीत बसावे. नंतर पाठपुरावा करता यावा म्हणून जोडीदाराने गाडीचा क्रमांक लक्षात ठेवावा.

बरोबर काय ठेवावे? सामान जास्त झाले की चोरीला जाते.

म्हणूनच थोडेच ठेवावे. उठल्यावर एका हाताने उचलता येईल एवढे एक गाठोडे असावे, आणि जे गमावून चालणार नाही ते अंगावर बांधलेले असावे. आमच्या ओळखीच्या एका बाईंनी कुंद्याचा रिकामा प्लास्टिकचा डबा वापरला आहे. त्यात आधार कार्डाची प्रत, रेशन कार्ड, रुग्णालयाचा केसपेपर आणि मुलीचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी आहे. डब्याला दुधाच्या दोन पिशव्यांचे वेष्टण, वर रबर, आणि सगळे कमरेच्या फडक्यात. दोन पावसाळे गेले, कागद कोरडे आहेत.

गाठोड्यात जाड प्लास्टिकचा कागद, वाकळ किंवा ब्लँकेट, सुके खाणे, पाण्याची बाटली, दोरी, शिट्टी आणि लहान बॅटरी पुरे. शिट्टीला हसू नये, कारण पाण्याच्या आवाजात हाक ऐकू जात नाही. मूळ कागद विश्वासू माणसाकडे ठेवून प्रती बाळगणे अधिक चांगले.

कागदपत्रेच नाहीत. आता काय करावे?

पत्त्याचा पुरावा नसला तरी मतदार म्हणून नाव नोंदवता येते. अर्ज क्रमांक ६ मध्ये झोपण्याची जागा लिहिली, की बीएलओने (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने) रात्री तेथे येऊन, तेही एकाहून अधिक रात्री, माणूस खरोखर तेथे झोपतो का ते पाहायचे असते, आणि तसे आढळल्यास वेगळा कागद लागत नाही. आधारसाठी मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखाचे प्रमाणपत्र चालते. महाराष्ट्रातून आलेल्यांनी हे लक्षात ठेवावे की एका देशासाठी एक रेशन कार्ड या योजनेमुळे आपल्या वाट्याचे केंद्राचे धान्य येथील रेशन दुकानातही घेता येते. ही कामे पावसाळ्यात होत नाहीत, दिवाळीनंतर करावीत.

वीज कडाडत असताना आणि तार तुटली असताना काय करावे?

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ लागत असेल, तर पक्क्या इमारतीत किंवा बंद बसमध्ये जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे तेथेच थांबावे. एकट्या झाडाखाली, पत्र्याच्या उघड्या शेडमध्ये किंवा ऊस भरलेल्या ट्रॉलीवर थांबू नये. शिवारात अडकल्यास पाय जवळ घेऊन उकिडवे बसावे, आडवे होऊ नये. रबरी चप्पल विजेपासून वाचवत नाही.

तुटलेल्या तारेपासून निदान १० मीटर दूर राहावे. जवळच उभे असल्याचे लक्षात आल्यास लांब ढांगा न टाकता, पावले एकमेकांना लावून सरकत मागे जावे, कारण भिजलेल्या जमिनीतूनही प्रवाह पसरतो. खांबाच्या ताणाला वाकळ वाळत घालण्याची सवय मोडावी.

जमिनीवर झोपतो. सापाचे काय?

पुराचे पाणी बिळांत शिरले की साप कोरड्या जागी येतात, आणि ती कोरडी जागा अनेकदा आपलीच असते. नाग, घोणस आणि फुरसे यांचा दंश कळतो. मण्यार मात्र रात्री अंथरुणात येते, तिचा दंश झोपेत जाणवत नाही, खूण सापडत नाही, आणि पहाटे पोटदुखी, घसा दुखणे, पापण्या जड होणे सुरू होते. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे अशी तक्रार करू लागला आणि त्याचे डोळे मिटू लागले, तर दारू जास्त झाली असे समजून त्याला पडून राहू देऊ नये. १०८ बोलवावी. चिरा देऊ नये, चोखू नये, दोरी आवळू नये, तो अवयव हलू न देता सरकारी रुग्णालयात न्यावे. प्रतिविष तेथे मोफत मिळते. गादीखाली खोचलेली मच्छरदाणी डासांबरोबर मण्यारीपासूनही बऱ्यापैकी संरक्षण देते.

पाण्यात चालल्यानंतर ताप आला तर?

उंदरांच्या मुतामुळे दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि तो पायाच्या जखमेतून शिरतो. पाण्यातून गेल्यावर काही दिवसांनी ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसल्यास ‘मी पुराच्या पाण्यातून चाललो होतो’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. जुलाब झाल्यास १ लिटर स्वच्छ पाण्यात सपाट ६ चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट प्यावे.

रोजचे औषध किंवा रोजची दारू बंद झाली तर?

क्षयरोगाचे औषध खंडित होऊ देऊ नये. उपचाराचे कार्ड जवळ असल्यास दुसऱ्या सरकारी केंद्रातूनही औषध मिळू शकते. दारूविषयी लोक लाजेने बोलत नाहीत, पण बोलले पाहिजे. रोज पिणाऱ्याची दारू काळजी केंद्रात अचानक तुटली, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात कापणे, भास होणे, आकडी येणे असे घडू शकते. हा आजार आहे आणि त्याला रुग्णालयाची गरज असते. केंद्रातील स्वयंसेवकांनी त्याला ओरडून बाहेर काढू नये.

कुत्रा किंवा हातगाडी सोडून कशी जाणार?

पुष्कळ माणसे केवळ याच कारणाने जात नाहीत. हातगाडी आधीच उंच जागी साखळीने बांधावी. कुत्र्यासाठी दोरी बाळगावी आणि केंद्राच्या व्हरांड्यात तरी ठेवू द्यावे असा आग्रह धरावा. तो पहाऱ्यालाही उपयोगी पडतो.

बायका आणि मुले असतील तर?

रात्रीच्या स्थलांतरात एकट्या बाईने अनोळखी वाहनात बसू नये. स्त्रियांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. लहान मुलांच्या अंगावर, कपड्याच्या आतल्या बाजूला, नाव आणि आईचे नाव न पुसणाऱ्या शाईने लिहावे.

थंडीचे काय? बेळगावची हवा तर चांगली म्हणतात.

‘गरिबांचे महाबळेश्वर’ हे नाव घरात राहणाऱ्यांनी दिलेले आहे. डिसेंबर-जानेवारीत येथे अंगाखाली पुठ्ठ्याचे दोन-तीन थर घालणे हे वरच्या पांघरुणाइतकेच गरजेचे असते, कारण थंडी जमिनीतून येते. बंद जागेत शेगडी किंवा निखारे ठेवून झोपू नये. त्यांतून निघणाऱ्या विषारी वायूला वासही नसतो आणि माणूस झोपेतच जातो.

आम्ही घरात राहतो. आम्ही काय करू शकतो?

ज्येष्ठ लागण्यापूर्वी आपल्या गल्लीत, देवळात, बाजारकट्ट्यावर कोण झोपते याची नावे लिहून ठेवावीत. ती यादी त्या माणसांना विचारून करावी आणि पोलिसी चौकशीसारखी करू नये. मुसळधार रात्री मंडळाच्या सभागृहाची किंवा तालमीची किल्ली कोणाकडे असेल हे ठरवावे. जुनी ब्लँकेटे पावसाळ्याच्या आधी द्यावीत, पूर आल्यानंतर सगळेच देतात आणि ती भिजून कुजतात. जेवणासाठी इंदिरा कॅन्टीन आहे, तेथे नाश्ता ५ रुपयांत आणि जेवण १० रुपयांत मिळते. तेवढे पैसे देणे हे शिळी भाकरी देण्यापेक्षा बरे.

पुरात कोणी दगावले तर नातेवाइकांना मदत मिळते का?

आपत्तीत मृत्यू झाल्यास आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांप्रमाणे वारसांना ४ लाख रुपये मिळतात. त्यासाठी पोलिसांतील नोंद, शवविच्छेदनाचा अहवाल आणि ओळख लागते. बेघर माणसाच्या बाबतीत अडते ते ओळखीपाशी. वर सांगितलेल्या जोडीचा एक उपयोग हाही आहे. शेजारी झोपणाऱ्याने नाव आणि गाव सांगितले, तर त्या माणसाची नोंद ‘अनोळखी’ म्हणून होत नाही.

पाणी ओसरल्यावर जुन्या जागी कधी परतावे?

उजेडी परतावे, रात्री नाही. आधी काठीने आडोसा, पोती आणि फरशांच्या फटी चाळवून पाहाव्यात, वर तारा लोंबत नाहीत ना ते पाहावे, आणि भिंत भिजलेली असेल तर आणखी आठ-दहा दिवस तिच्याजवळ अंथरूण टाकू नये. चिखल वाळल्यावर त्यावर ब्लीचिंग पावडर टाकण्यास महापालिकेच्या सफाई कर्मचाऱ्याला सांगावे, आणि आपण परत आल्याचे त्या चहावाल्याला कळवावे, म्हणजे पुढच्या वेळी तो कोणाला उठवायचे हे विसरणार नाही.